गंगव्वाची करडं

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. उन्हाळ्यात बाभळीखाली शेंगांचा सडा पडतो ना, तसं आहे ते. सकाळी झाडून काढलं तरी दुपारपर्यंत पुन्हा आपला सडा! आणि आमच्या वाडग्यात तर माणसंच अशी होती, की झाड हलवायचीसुद्धा गरज नाही. नुसतं खाली बसायचं. डोळे जड झाले, की एक किस्सा पडलाच पदरात.

वाडगं म्हणजे बोकडांचं आवार. सोलापुरात, गिरण्यांच्या पलीकडं, घरं संपून माळ सुरू व्हायचा तिथं. कोवळी करडं वैरागच्या बाजारातून आणायची, पाला-पेंड घालून वाढवायची आणि अंगानं भरली की द्यायची. खाटकाला, ईदला, जत्रेला, नवसाला. हा माझ्या सासऱ्यांचा धंदा. त्यांना सगळा गाव आण्णा म्हणायचा. इंग्रजाचं राज्य होतं, गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचा आणि निजायचा, त्या दिवसांतलं हे सगळं.

तुम्ही म्हणाल, कापायची जनावरं, तिथं कसले आलेत किस्से? नाकं मुरडू नका, आधी ऐका तर!

त्या वाडग्यात एक गुंगी होती. मी लग्न होऊन आले, पहिल्याच दुपारी मला ती चढली. बाभळीची पिवळी फुलं टपटप पडतायत, लांबून गिरणीची घरघर येतेय, पेंडीचा गोड वास सुटलाय, आणि सगळी बोकडं अर्धे डोळे मिटून रवंथ करतायत. बघता बघता माणूसही तोंड हलवायला लागायचा. मी उभ्या उभ्या खांबाला टेकून झोपले. नवी नवरी! सासूबाई बघायला आल्या, तर त्या माझ्या शेजारी झोपल्या.

*

करडं सांभाळायला आणि आण्णांच्या अंघोळीचं पाणी भरायला गंगव्वा होती. अक्कलकोटच्या बाजूची, अर्धी कानडी अर्धी मराठी. नवरा वारला, मूलबाळ नाही. भावाकडं राहिली, तर भावजयीनं चुलीपाशी बसू दिलं नाही. शेवटी आण्णांनी वाडग्यात खोपट बांधून दिलं. करडं वाढवावीत तर गंगव्वानंच! मरायला टेकलेलं पिल्लू तिच्या मांडीवर टाकावं, कापसाचा बोळा दुधात बुडवून ती त्याच्या तोंडात पिळणार, आणि चार दिवसांत ते टणाटणा उड्या मारणार.

तिचं एकच दुखणं होतं. वाढवायची झकास, पण द्यायची वेळ आली की हातपाय गाळायची.

एकदा एक मोठा व्यापारी आला. सगळी बोकडं बघून झाली, तर एक कमी. शोधत शोधत तो गंगव्वाच्या खोपटात गेला. तिथं बोकड गोधडी पांघरून आडवा! कपाळाला चिंधी बांधलेली, शेजारी पाण्याचा तांब्या.

"ह्याला काय झालं?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"ताप आलाय," गंगव्वा म्हणाली. "कालपासनं बडबडतोय."

व्यापारी जो पळाला, तो थेट बाजारात! आण्णांच्या वाडग्यात रोग शिरला, अशी आवई उठली. कितीतरी दिवस आमच्या दाराकडं गिऱ्हाईक फिरकलं नाही.

आण्णा कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "गंगव्वा, आनी येकदा असलं कायबी केलंस, तर गाडी जुपतो आनी तुला भावाच्या दारात सोडून येतो."

गंगव्वा खोपटाची मेढ धरून उभी राहिली. आण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून वाडग्यात बोकड विकायचा दिवस आला, की माझा एक डोळा खोपटाकडं असायचा. बोकड जाणार हे ठरलेलंच असायचं. गंगव्वा राहते का जाते, ते बघायचं!

*

करडाला नाव ठेवायचं नाही, हा आण्णांचा नियम. "नाव ठिवलं की जीव लागतो, आनी जीव लागला की धंदा बसतो."

गंगव्वानं नियम पाळला. कधी कुणाला ढवळ्या म्हटलं नाही की काळ्या म्हटलं नाही. पण एके दिवशी आण्णा कुंपणाशी थांबले आणि कान देऊन ऐकायला लागले. गंगव्वा पाल्याची पेंढी सोडत होती.

"आवं, हिकडं बघा की. पाला खावा. न्हाई, तुमी न्हवं, तुमच्या मागचे. आवं, ढकलू नगा वो त्यास्नी!"

आण्णा आत आले. "गंगव्वा, ही बोकडं हायत का तुजं मालक? आवं-जावं काय चालवलंस?"

गंगव्वानं पदर सारखा केला. "तुमीच म्हनलाव, नाव घिऊ नगंस. नाव न घेता हाक मारायची मला ही येकच तऱ्हा ठावं हाय!"

आण्णा वळले आणि तोंडावर उपरणं धरून घरात गेले. आत गेल्यावर त्यांना ठसका लागला होता. हसून का काय, ते सासूबाईंनाही कळलं नाही.

*

पेंड यायची सिद्रामप्पांच्या दुकानातून. लिंगायत माणूस, कपाळाला विभूती, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. पण आमच्या बोकडांवर त्यांचा भारी जीव! दुकान बंद केलं की रोज संध्याकाळी छत्री टेकत टेकत यायचे, बाजेवर बसायचे आणि गुंगीत बघत राहायचे. "माझी पेंड अंगाला लागली बघा," म्हणून खूश व्हायचे.

बोकडं पुढं कुठं जातात, हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही, असा अलिखित करारच होता.

"आण्णा, तो तांबडा दिसंना?"

"गावाला गेला."

"कुठल्या?"

"जेऊरला."

"बरं झालं. तिकडची हवा चांगली हाय. रेल्वेनं गेला?"

"व्हय."

"बसायला जागा मिळाली न्हवं?"

"मिळाली की!"

असं वर्षानुवर्षं चाललं. पंचक्रोशीतली सगळी बोकडं जेऊरला राहायला गेली! आमचे हे तर म्हणायचे, जेऊरच्या स्टेशनावर आता माणसाला उतरायला जागा नसेल.

एक दिवस दिवे लागायच्या वेळी सिद्रामप्पा बाजेवर बसले होते. मग म्हणाले, "आण्णा, इतकी सगळी जेऊरला गेली. परत एकबी आलं न्हाई बघा."

आण्णा उगाच बाजेची सुंभं ओढून बघायला लागले. आम्ही सगळे गारठलो.

"म्हंजे तिकडं सुखातच असणार," सिद्रामप्पा म्हणाले, आणि उपरण्याच्या टोकानं डोळे पुसून छत्री शोधायला लागले. छत्री त्यांच्या हातातच होती.

*

आता भोंग्याचं ऐका.

आमची करडं घड्याळाच्या वरताण होती. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला, की पेंड. दुपारचा झाला, की पाला. भोंगा वाजला रे वाजला, की सगळी गव्हाणीशी रांग लावून उभी! आण्णांना त्याचा मोठा अभिमान. "माझी बोकडं गिरनीत लावली तर मुकादम व्हतील," म्हणायचे.

एकदा गिरणीला सुट्टी होती. भोंगा नाही. गंगव्वानं वेळेवर पेंड घातली, तर एकही करडू तोंड लावेना! गव्हाण भरलेली, समोर सगळी उभी, आणि माना वर करून धुराड्याकडं बघतायत. ऊन चढलं. करडं उपाशी, गंगव्वा उपाशी, आण्णा येरझाऱ्या घालतायत.

शेवटी आण्णांनी आमच्या ह्यांना उठवलं. ह्यांना उठवणं म्हणजे एक वेगळाच धंदा होता! "जा, छपरावर चढ आनी भोंगा वाजीव."

हे रॉकेलचं मोठं नरसाळं घेऊन छपरावर चढले. डोळे पुरते उघडलेले नाहीत. नरसाळं तोंडाला लावलं आणि अशी काही आरोळी ठोकली म्हणता, की बाभळीवरचे कावळे माळापार गेले! करडांनी लगेच माना खाली घातल्या आणि खायला लागली. आण्णा म्हणाले, "शाबास!" ह्यांच्या जन्मात ती एकच शाबासकी.

थोड्या वेळानं पलीकडच्या गल्लीतला रामय्या दारात. तेलंगी विणकर, गिरणीत मागावर कामाला. हातात भाकरीचा डबा, अंगात कामाचा सदरा. भोंगा ऐकून झोपेतच उठला होता आणि गिरणीच्या बंद फाटकाशी जाऊन उभा राहिला होता. एकटा नाही, सोबत आणखी अर्धी गल्ली! तिथं उभं राहून राहून कुणाच्या तरी लक्षात आलं, आज सुट्टी.

आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. हे छपरावरच दडून बसले.

रामय्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला, एक लांबलचक जांभई दिली आणि वर बघून म्हणाला, "आवाज चांगला हाय तुमचा. पन उद्यापासनं जरा उशिरा वाजवा की! झोप होत न्हाई."

*

ह्यांचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगून टाकते. ते आता नाहीत, नाहीतर बोलू दिलं नसतं.

हुसेनभाई आमचं जुनं गिऱ्हाईक. खाटीक, पण बोलणं असं मऊ, की लोण्यानं लाजावं. बोकडाची पारख डोळे मिटून करायचे. "आँख धोका देती, हात नै देता," म्हणायचे. कमरेजवळ, कण्याच्या दोन्ही अंगांना बोटं दाबली, की भरलाय का अजून वाढायचाय, ते बरोब्बर सांगायचे. आण्णासुद्धा मान डोलवायचे.

एका उन्हाळी दुपारी ते आले. सगळं वाडगं गुंगीत. कोपऱ्यात करडांच्या गर्दीत आमचे हे पालथे झोपलेले, अंगावर काळं घोंगडं. आजूबाजूला आणि अंगावरसुद्धा करडं. हुसेनभाई डोळे मिटून एकेकाच्या पाठीवर हात फिरवत पुढं सरकत होते. "ये चलेगा... ये भी चलेगा..."

घोंगड्यापाशी आले. हात फिरवला. कण्याच्या दोन्ही अंगांना बोटं दाबली. थांबले. पुन्हा दाबली. चेहरा उतरला.

"आण्णा, ये अबी दुबला है. दो म्हैने और खिलाव!"

घोंगड्यातून आवाज आला, "तेच मीबी घरात सांगतोय!"

हसू नका! मला मेलीला तोंड लपवायला जागा राहिली नाही. त्या रात्रीपासून ह्यांच्या भाकरीवर तुपाचा गोळा पडायला लागला. पण अंगाला शेवटपर्यंत लागलं नाही.

*

आण्णा दुपारचे झोपत नसत. एकदाच झोपले. उठले ते घाबरेघुबरे होऊन, घाम पुसत. मग सांगितलं आम्हाला.

स्वप्नात वैरागचा बाजार भरला होता. सगळी बोकडं धोतर नेसून, डोक्याला पटके बांधून आलेली. आणि आण्णा खुंट्याला बांधलेले! एकेक बोकड यायचा, आण्णांच्या पाठीवर खूर फिरवायचा, तोंड उघडून दात मोजायचा.

गंगव्वा करडू पाजत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग? पसंत पडलाव का?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "म्हातारा म्हनून सोडलं."

आणि हे सांगताना आण्णांच्या आवाजात थोडा राग होता! म्हाताऱ्याला ते लागलं होतं.

*

माळशिरसकडचा एक शेतकरी वाढवायला म्हणून कोवळी करडं घेऊन निघाला. तासाभरात परत! घामाघूम, धोतराला चिखल.

"आण्णा, बहिरी करडं दिलीत का मला? हाका मारून मारून घसा बसला. येक ऐकंल तर शप्पत!"

गंगव्वा खोपटातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "बर्री, बर्री!"

सगळी करडं तिच्या पायाशी! 'बर्री' म्हणजे कानडीत 'या हो.' आता करडांनी वाडग्यात आल्यापासून ऐकलं ते हेच. त्यांना मराठी कुठून येणार?

मग काय, तो गडी बाभळीखाली मांडी घालून कानडी शिकायला बसला. या म्हणायला 'बर्री', चला म्हणायला 'नडीर्री'. गंगव्वा सांगायची, तो घोकायचा. घोकता घोकता डोळे मिटायचे, पुन्हा दचकून घोकायचा. दिवस कलल्यावर एकदाचा 'नडीर्री, नडीर्री' करत गेला, आणि करडं शहाण्यासारखी मागून गेली.

पुढं केव्हातरी बाजाराला आला, तेव्हा आण्णांनी विचारलं, "काय, करडं ऐकत्यात न्हवं?"

"ती ऐकत्यात की! आता तर मराठीबी शिकली," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "पन घरातली पोरं मला 'बर्री, बर्री' करून जेवाय बोलीवत्यात, त्याचं काय करू?"

*

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

एका पावसाळ्यात दुधासाठी ठेवलेली एक शेळी व्याली आणि तिथंच गेली. मागं एक काळंभोर पिल्लू, कपाळावर चांदणी. गंगव्वानं बोळ्यानं पाजून वाढवलं. तिच्या खोपटात, तिच्या पदरात. वर्ष सरलं, तसा असा देखणा बोकड झाला, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. कान अखंड, शिंगं डौलदार, अंगावर कुठं डाग नाही. असा बोकड नवसाला जाणार, हे कुणी सांगायला नको होतं. गंगव्वालाही नको होतं.

मी एकदा तिला विचारलं, "गंगव्वा, ह्याच्या वेळी काय करणार गं?"

ती त्याच्या गळ्याखाली खाजवत होती. "काय करनार? देनार. भावाच्या दारात मरन्यापरास हे बरं." आणि मग तिला रडू फुटलं. मला म्हणाली, "वैनी, मला त्येच्याबिगार झोप येत न्हाई वो." मी तिला जवळ घेतलं. मी तरी दुसरं काय करणार होते?

त्या उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल झाले. विहिरीचा तळ दिसायला लागला. बायका तांब्या तांब्यानं पाणी वाटून घ्यायच्या. आणि रोज सकाळी बघावं, तर गंगव्वा खोपटामागं त्या काळ्याच्या पाठीवर तांब्या ओततेय! पहिल्यांदा तो उधळायचा, अंग झाडायचा, तिलाच भिजवायचा. मग हळूहळू सरावला. पाणी पडलं की डोळे मिटून, मान लांब करून रवंथ करत उभा राहायचा. मला वाटलं, उन्हाचं करते बिचारी. पाणी कुठून आणतेस, ते मी काही विचारलं नाही.

वैशाखात वैरागकडची माणसं आली. म्हातारे तुकानाना, त्यांची सून यसू आणि यसूच्या कडेवर तिची लेक चिमी. पोर तापानं जायला निघाली होती, तेव्हा यसूनं मरीआईला बोकड बोलला होता. पोर वाचली. तुकानानांनी सगळं वाडगं बघितलं आणि काळ्यापाशी थांबले. "ह्योच."

नवसाचा बोकड देवीच्या ठाण्यापर्यंत आण्णा स्वतः पोचवायचे. पण काळा गंगव्वाशिवाय पाऊल टाकेना. आण्णा तिला म्हणाले, "तूबी चल. आनी ध्यानात हाय न्हवं, मी काय बोललो व्हतो ते?"

"हाय," गंगव्वा म्हणाली.

ह्यांनी गाडी जुंपली. मीही बसले. गंगव्वाला एकटी पाठवायला माझं मन घेईना.

वैरागच्या वाटेवर, माळावर मरीआईचं ठाणं. एक लिंब, शेंदराचा दगड, बाकी नुसतं ऊन. देवीचा भगत आणि तुकानानांची भावकी आधीच येऊन बसलेली. आता आमच्याकडची रीत अशी, की बोकड असाच कापत नाहीत. हळद-कुंकू लावून अंगावर पाणी शिंपायचं. त्यानं अंग झाडलं, की आईनं घेतला. नाही झाडलं, तर थांबायचं. दिवस मावळेपर्यंत वाट बघायची. तेव्हाही नाही झाडलं, तर आईला नको आहे. मग त्याला भंडारा लावून सोडून द्यायचं. त्याला कुणी कापायचं नाही, विकायचं नाही, हाकलायचं नाही. बोललेला नवस फिटला.

भगतानं तांब्याभर पाणी पाठीवर ओतलं.

काळ्यानं डोळे मिटले.

पुन्हा ओतलं. त्यानं मान लांब केली. कानांवर शिंपडलं, तर तो कान पुढं करून रवंथ करायला लागला! लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. हलगी वाजवून झाली, आईला साकडं घालून झालं. ऊन उतरलं, लिंबाची सावली लांब झाली. काळा आपला ओलाचिंब, स्वप्नात असल्यासारखा उभा. यसू घाबरून गेली. लेकीला छातीशी धरून सारखं म्हणत होती, "आईचा कोप तर न्हाई न्हवं? माज्या पोरीवर तर न्हाई न्हवं?" गंगव्वा जमिनीकडं बघत होती. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

दिवस मावळला. भगत म्हणाला, "आई नगं म्हंती."

तुकानाना उठले. फार पावसाळे बघितलेला माणूस तो! भंडाऱ्याची वाटी त्यांनी आण्णांपुढं धरली.

"आण्णा, धंद्यात तुमच्या तोंडातनं कदी खोटं आल्यालं न्हाई. भंडारा उचलून सांगा. ह्यो पान्याला सरावल्याला बोकड न्हाई न्हवं? तसं असलं, तर ह्यो आईचा कौल न्हवं. मग दुसरा बोकड आनावा लागंल, आनी ह्येला आमी तसाच कापू."

आण्णांनी गंगव्वाकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले. मी माझ्या मनात मरीआईचे पाय धरले.

आण्णांनी भंडाऱ्याची चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "नाना, औंदा माज्या घरात मानसांस्नी आंगूळीला पानी न्हाई. बोकडाला कुटलं घालू?"

सगळे हसले! तुकानानाही हसले. "खरं हाय. मग आईनंच सोडला म्हनायचा." यसूनं मोठ्यानं श्वास सोडला, देवीपुढं नारळ ठेवला आणि लेकीला खाली उतरवलं. चिमीनं जाऊन काळ्याच्या गळ्याला मिठी मारली. भगतानं त्याच्या कपाळाला भंडारा फासला आणि गळ्यातलं दावं काढून टाकलं.

आम्ही परत निघालो. गंगव्वा गाडीत बसलीच नाही. मागून चालत होती, मान खाली घालून. आणि तिच्या मागं काळा.

ह्यांनी काठी उचलली. आण्णा म्हणाले, "हात खाली घे. देवाचं जनावर हाय, त्येला हाकलायचं नसतंय."

बरीच वाट सरली. मग आण्णांनी गाडी थांबवायला सांगितली आणि मागं न बघताच म्हणाले, "गंगव्वा, बस गाडीत."

"भावाकडं सोडताव?" ती गाडीशी येऊन म्हणाली.

"भावाकडं कशाला? सकाळी करडांस्नी कोन बघनार?"

ती चाकावर पाय ठेवून वर चढली. आण्णांनी पटका काढून मांडीवर ठेवला, टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले,

"आनी उद्यापासनं माझ्या आंगूळीची बादली पुरी भरत जा."